माफ करा, दार उघडं राहतंय

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर नकार द्यायचा तोसुद्धा अहोजाहो करून. नोएडाच्या ऑफिसातली एखादी मुलगी घाईघाईत क्लाऊडवर फायली ठेवायला नवी जागा उघडायची, बटण दाबायची, आणि स्क्रीनवर लाल पट्टीत चक्क देवनागरीत उमटायचं, ‘माफ करा, दार उघडं राहतंय. आधी कुलूप लावा, मग पुढं जाऊ.’ ती बिचारी त्याचा फोटो आम्हाला पाठवायची आणि विचारायची, हा व्हायरस आहे का? आम्ही कळवायचो, व्हायरस नाही, आमचे चाचा आहेत.

बंगळूरच्या मुख्य ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी यावर एकदा कडक मेल लिहिली. कंपनी देशभर आहे, संदेश इंग्रजीतच हवेत. चाचांनी ती मेल शांतपणे वाचली, मान डोलावली आणि प्रत्येक मराठी संदेशाखाली इंग्रजीत एक ओळ वाढवली. तिचा अर्थ होता, ‘कृपया वरचं वाचावं.’ साहेबांनी नाद सोडला. नोएडाची ती मुलगी तर पुढे मीटिंगला उशिरा आली की ‘माफ करा’ म्हणूनच बसायची.

आमचा प्लँट चाकणला. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवते. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपच्या बाजूने लोखंडी जिना चढून गेलं की वर एक पोटमाळा, त्यात आमचं आयटी. खाली मोठा प्रेस पडला की वर टेबलावरचा चहा थरथरतो. पूर्वी कंपनीचे सर्व्हर याच पोटमाळ्यात होते, दाराला कुलूप आणि किल्ली चाचांच्या कमरेला. आता सगळं क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भाड्याने. भाड्याच्या जागेची सोय अशी की कुणीही कर्मचारी एका क्लिकवर नवी खोली उघडू शकतो. गैरसोय अशी की त्याच क्लिकवर तिचं दार सगळ्या जगाला सताड उघडं टाकून तो घरी जेवायला जाऊ शकतो. चाचा या खोल्यांसाठी नियम लिहायचे. ते नियम भिंतीवर चिकटवायचे नसत, कोडमध्ये असत. दार बंद आहे का, कुलूप आहे का, मालकाचं नाव लावलंय का, हे यंत्रच तपासायचं आणि एखादी गोष्ट चुकली तर खोली बनूच द्यायचं नाही. वशिला नाही, ओळख नाही, ‘जरा बघा ना’ नाही.

चाचा मूळचे देहूरोडचे. त्यांच्या वडिलांचं तिथे गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपा आणून ते त्या पुन्हा रस्त्यावर आणायचे. चाचा त्या गॅरेजात वाढले, मग डिप्लोमा, मग आमच्याच प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स, आणि कॉम्प्युटरच्या नादाने तिथून जिना चढून वर. वर आले तरी शर्टाच्या खिशातला टेस्टर काही गेला नाही. क्लाऊडला टेस्टर कुठे लावणार, असं आम्ही चिडवायचो. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना चाचाच म्हणायची, आणि ते मात्र कालच लागलेल्या पोरालाही अहो म्हणायचे.

इतके कडक नियम लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तोंडाने कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे. कॅन्टीनमध्ये वाढपी भाताचा डाव घेऊन उभा राहिला की आपण ताटावर हात आडवा धरतो, चाचा ताट पुढे करायचे आणि मग पोटावर हात ठेवून जिना चढायचे. गणपतीच्या मंडळाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो, उरुसाच्या फ्लेक्सवर फोटो, भीमजयंतीच्या फ्लेक्सवर फोटो. फोटो मागायला दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? गल्लीतल्या निम्म्या घरांच्या पार्सलवर मोबाईल नंबर चाचांचा. बाहेरगावचे ऑडिटर समोर बसलेले, आम्ही सुरक्षेचे तक्ते दाखवतोय, आणि आमचा नियमांचा माणूस कोपऱ्यात तोंडावर हात धरून कुणा शेजारणीच्या मिक्सरसाठी ओटीपी सांगतोय. मला त्यांची अशी लाज वाटायची की मी खुर्ची थोडी बाजूला सरकवून बसायचे, जणू हे गृहस्थ दुसऱ्याच खात्याचे आहेत.

त्यांना कोड का आवडला असेल, याचा माझा अंदाज मी बांधून ठेवलाय. जे तोंडावर म्हणता येत नाही ते तिथे एकदा लिहून टाकायचं आणि आपण चहाला जायचं.

एकदा प्लँटचे जनरल मॅनेजर जिना दणादण आपटत वर आले. गाड्या बनवणारा मोठा ग्राहक दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होता, त्याच्यासाठी काही ड्रॉइंग बाहेर पाठवायची होती, आणि यंत्र त्यांना सारखं ‘माफ करा’ म्हणत होतं. ते चिडले म्हणजे इतके चिडले की खालच्या प्रेसचा आवाज ऐकू येईना. चाचांनी खुर्ची पुसून दिली. साहेब म्हणाले, हे काय चाललंय? चाचा म्हणाले, व्हय साहेब. साहेब म्हणाले, कंपनी नियमांसाठी आहे की नियम कंपनीसाठी? चाचा म्हणाले, बरोबर हाय साहेब, शंभर टक्के. चहा आला, साहेबांच्या मुलीच्या बारावीची चौकशी झाली, कुलूप लावून ड्रॉइंग पाठवायची रीत चाचांनी त्यांच्याच मोबाईलवर त्यांच्याच हाताने करून घेतली. साहेब खुशीत खाली गेले. नियमातला एक शब्दही हलला नव्हता, हे पार्किंगमध्ये गाडीला चावी लावताना त्यांच्या लक्षात आलं म्हणतात.

नवा नियम लागू करायची त्यांची पद्धत गॅरेजातली होती. नट आधी हाताने फिरवून बसवायचा, पाना मागाहून. सुरुवातीलाच पाना लावला की आटे जातात. म्हणून त्यांचा कुठलाही नियम पहिले काही आठवडे कुणाला अडवायचा नाही, नुसता सांगायचा. लोकांना सवय झाली की मग चाचा पाना लावायचे. माझा पहिला नियम मी थेट अडवणारा लिहिला होता. त्यांनी तो परत पाठवला आणि खाली विचारलं, ‘नकार मिळाल्यावर हा माणूस पुढं काय करंल, ते लिहिलं का?’ मी लिहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की कुलूप लावणाऱ्याने किल्ली कुणाकडे मिळेल तेही दारावर लिहायचं असतं, नाहीतर लोक खिडकी फोडतात.

आणि कधीकधी नियमाला खरोखरच सवलत द्यावी लागते. तिलाही त्यांची रीत होती. सवलतीला ते ‘पाहुणा’ म्हणायचे. कुठल्या खोलीला, कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं कोडमध्ये लिहायचं. ती तारीख उलटली की यंत्र आपणहून दार लावणार. “पाहुणा कधी जाणार, हे घरी विचारू न्हाई,” ते म्हणायचे, “हितं मात्र आल्या आल्याच विचारायचं, राव.”

हे सगळं मी हसत सांगतेय, कारण पुढचं सांगताना हसू येणार नाही.

प्रेस शॉपमधल्या माणसांच्या कानांची तपासणी झाली होती. दरवर्षी होते, तपासणीची गाडी येते, माणसं रांगेने आत जातात, कानाला हेडफोन लावून बसतात. कंपनीच्या कायम माणसांना रिपोर्ट त्यांच्या लॉगिनमध्ये दिसतो. कंत्राटी माणसांना लॉगिन नसतं. त्यांचे रिपोर्ट कंत्राटदाराकडून यथावकाश मिळतील, असं एचआरने सांगितलं होतं, आणि यथावकाश म्हणजे कधी ते चाकणमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

एका दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीशी काही माणसं येऊन उभी राहिली. त्यांच्यात पुढे होता बालाजी. लातूरकडचा, चाळिशीचा, मोठ्या प्रेसवर काही वर्षं काढलेला. त्याचे कान रात्रंदिवस वाजत होते, आणि सरकारी योजनेच्या दवाखान्यातला डॉक्टर रिपोर्टाशिवाय बघायला तयार नव्हता. चाचा पूर्वी मेंटेनन्सला असल्याने खालची माणसं त्यांना आपली समजायची. चाचांनी त्यांना नियम समजावून सांगायला तोंड उघडलं, बालाजीने नीट ऐकू यावं म्हणून एक कान पुढे केला, आणि चाचांना पुढचं बोलवलं नाही.

ते वर आले आणि त्यांनी स्वतःच्या नावाने सवलत लिहिली. एक फोल्डर, त्यात कंत्राटी माणसांचे रिपोर्ट, ज्याच्याकडे लिंक असेल त्याला मोबाईलवर उघडणार, लॉगिन नको. तारीख दिवाळीपर्यंतची. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाची तरी संमती लागते, ती मी दिली. इतर कुणीही दिली असती. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांनाच चाचांचा अभिमान वाटला होता, आणि आज त्या अभिमानाचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दिवाळी आली. तारीख संपायच्या आधी कुणीतरी जिन्याशी येऊन उभं राहिलं, गावाला होतो, रिपोर्ट काढायचा राहिला. चाचांनी पाहुण्याला संक्रांतीपर्यंत ठेवून घेतलं. संक्रांतीला आणखी कुणीतरी आलं. शिमगा झाला, पाडवा झाला, पाहुणा घरातच. आमच्यापैकी एकानेही त्यांना टोकलं नाही. चांगल्या कामाला कोण टोकणार?

चाकणला कंत्राटी माणसाला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात. म्हणजे घरी बसवतात. मग तोच माणूस दुसऱ्या कंत्राटदाराकडून दुसऱ्या कुठल्या तरी गेटवर उभा राहतो आणि पुन्हा तेच काम करतो. बालाजीला ब्रेक मिळाला. तो पुढच्या गेटवर गेला, तिथून त्याला परत पाठवलं. त्याच्या पुढच्या गेटवरूनही परत. मग एके सकाळी तो आमच्या जिन्याशी आला. तक्रार करायला आला नव्हता. तो आला होता विनंती करायला.

“साहेब, तेवढा मोबाईलमधला रिपोर्ट बदलून द्या की,” तो चाचांना म्हणाला. “चांगला आलेला द्या. ह्यो वाचून समदे माघारी धाडायलेत.”

चाचांना आधी कळलंच नाही. मग बालाजीने आपल्या पद्धतीने सांगितलं. लिंक कामगारांच्या ग्रुपवरून सुपरवायझरांकडे गेली होती, सुपरवायझरांकडून कंत्राटदारांकडे. आता माणूस गेटवर आला की ते आधी मोबाईलवर त्याचं नाव शोधायचे. कान खराब दिसला की जागा भरली म्हणायचे. उद्या हा कामावर लागणार, परवा नुकसानभरपाई मागणार, नसती कटकट कशाला? ज्या कंपनीच्या प्रेसने बालाजीचे कान घेतले, तिच्याच क्लाऊडवरून ही बातमी सगळ्या चाकणला फुकट मिळत होती.

चाचा वर आले. त्यांनी सवलत पुसली, दार लावलं आणि खुर्चीत बसून राहिले. त्यांनी हात धुवायला गेल्यासारखं उठून बेसिनपर्यंत जावं, नळ न सोडताच परत यावं, असं बराच वेळ चाललं होतं. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. बघायची हिंमत नव्हती.

त्यांनी बंगळूरला स्वतःविरुद्ध मेल लिहिली. चूक माझी, सवलत माझी, नुकसान कंत्राटी कामगारांचं झालं, अमुक माणसाचं काम गेलं. तिकडून फोन आला. मोठ्या साहेबांनी विचारलं, ग्राहकाचं ड्रॉइंग गेलं का? नाही. आपल्या कर्मचाऱ्यांची माहिती? कंत्राटी म्हणजे आपले नव्हेत ना? मग ठीक आहे. आवाजातला सुटकेचा सूर आम्हाला स्पीकरवर ऐकू आला. वर कहर असा की पुढच्या तिमाहीच्या कार्यक्रमात चाचांना स्टेजवर बोलावून, स्वतःची चूक स्वतः कळवल्याबद्दल प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र दिलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. चाचांनाही ते घ्यावंच लागलं, फोटोत त्यांची मान खाली आहे. मीही टाळ्या वाजवल्या, बाजूचे सगळे वाजवत होते म्हणून.

दार लावल्यावर काही दिवसांनी एका कंत्राटदाराचा माणूस जिना चढून वर आला. अदबीने नमस्कार केला. “चाचा, ती कानाची लिंक बंद पडलीय बघा,” तो म्हणाला. “जरा चालू करून द्या ना. लई सोय होती आमची.” चाचा खुर्चीतून उठले. त्यांनी त्याला पाणी दिलं.

तो गेल्यावर त्यांनी एक नियम लिहिला. यंत्राला उद्देशून एवढंच होतं, सवलत मागणारा मी असेन तर नकार. खाली संदेश, ‘तुम्हाला न्हाई.’ त्यांच्या सगळ्या नियमांत हा एकच असा की ज्यात ‘माफ करा’ नव्हतं. संमतीसाठी त्यांनी तो आमच्याकडे पाठवला. कुणीच हात लावेना. मी त्यांना म्हटलं, चाचा, असं स्वतःचंच नाव घालून नियम करत नाहीत. ते म्हणाले, “आमी माणूस समोर आला की पाघळतो. आमच्या हातात किल्ली नको.” शेवटी मी संमती दिली. चाचा आता निवृत्त झालेत, त्यांची जागा मी बघते, आणि तो नियम अजून आहे. नवी मुलं विचारतात, हा माणूस तर कंपनीत नाही, काढून टाकू का? मी म्हणते, राहू दे.

पण नियम लिहून त्यांचं मन शांत झालं नाही. बालाजीला भेटायचंच म्हणून ते हट्टाला पेटले. फोन करा, मी म्हटलं. फोनवर त्याला धड ऐकू येत नाही, आणि चूक फोनवर कबूल करत नसतात, हे दोन्ही त्यांनी मला सुनावलं. बालाजीच्या खोलीवरच्या माणसाकडून कळलं की त्याला कुणा गाववाल्याने महाळुंग्याच्या बाजूला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चिकटवलाय. काम लागलंय ऐकून चाचांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. मी पुनावळ्याला राहते, तिकडून येताना वाटेत त्यांना घरून घेतलं, माझ्या स्कूटरवर मागे बसवलं आणि दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला आम्ही तिथे पोचलो.

शेडच्या बाहेर रस्त्याला लागून चहाची टपरी. शिफ्ट सुटली, माणसं बाहेर आली, त्यांच्यात बालाजी. आम्हाला बघून तो जरा बिचकला, मग हसून पुढे आला. बरोबरची माणसं आणि त्यांचा मुकादम टपरीशी चहा घेत उभे राहिले. चाचांनी खिशातला टेस्टर उगाच काढून परत ठेवला, मान खाली घातली आणि पुटपुटले, “बालाजीराव, माझी लई मोठी चूक झाली.”

रस्त्यावरून ट्रेलर चालले होते, आत कुठेतरी ग्राइंडर चालू होता. बालाजीने कान पुढे केला. “काय म्हनायलाव साहेब?”

चाचा पुन्हा बोलले, जरा मोठ्याने. बालाजीने मान डोलावली, “हां हां, बरं हाय समदं, च्या घ्या की,” असं म्हणाला. न ऐकू आलेला माणूस ऐकू आल्यासारखं हसतो, तसं हसला. मला वाटलं, झालं. बोलून झालं, भेट झाली, आता निघावं. पण चाचांना ते पुरेना. त्याच्यापर्यंत पोचलंच नाही तर ते बोलणं कसलं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी बालाजीच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड त्याच्या कानाशी नेलं, आणि आयुष्यात कधी चढवला नसेल एवढा आवाज चढवला.

“तुमच्या कानाचा रिपोर्ट मी उघडा ठेवला. तुमचं काम माझ्यामुळं गेलं. मला शरम वाटते, बालाजीराव.”

टपरीवरचं बोलणं थांबलं. चाचांचे डोळे भरले होते, त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. बालाजीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. बालाजीने चाचांच्या हाताला धरून त्यांना जरा बाजूला ओढलं.

“हळू बोला साहेब,” तो म्हणाला. “हितं कुनालाच म्हाईत न्हाई.”

त्याच्या पाठीमागे मुकादमाने चहाचा ग्लास फळीवर ठेवला होता आणि तो बालाजीच्या कानाकडे बघत होता.